विश्लेषण : गच्चीवरचा हॅम अँटेना उतरवणे उभारण्यापेक्षा अवघड का?

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. वळवाचे वादळ मात्र तारीख पाहून येत नाही. त्यामुळे मे महिना लागला की उपनगरांतील हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौशी रेडिओ केंद्र चालवणारी मंडळी, गच्चीवरचे मोठे अँटेना उतरवायच्या मागे लागतात. निदान लागायला हवीत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा दाट वस्तीत दहा-बारा मीटरचा खांब आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांचा सांगाडा उभा करणे हे एरवी कौतुकाचे काम. नीट तणावे दिलेला खांब उभा असतो तेव्हा सहसा कोणाच्या अंगावर येत नाही. जिवाला धोका असतो तो उभारण्याच्या आणि उतरवण्याच्या तासा-दोन तासांत. त्यातही उतरवण्याची तयारी बहुतेकदा कोणी केलेलीच नसते.

एवढे मोठे अँटेना लागतात कशाला?

अँटेनाची लांबी हौसेवर ठरत नाही, लहरीच्या लांबीवर ठरते. हॅम मंडळींचा आवडता १४ मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर लहर २० मीटरच्या आसपास आणि अँटेनाची अर्ध्या लहरीची नळी सुमारे १० मीटर. अशा दोन-तीन नळ्या एका दांड्यावर समांतर बसवल्या की ‘यागी’ अँटेना होतो. तो एका दिशेने जोर लावून संदेश पाठवतो आणि त्याच दिशेचे ऐकतो. दिशा बदलण्यासाठी खाली मोटर, म्हणजे रोटेटर, बसवतात. याउलट शहरातल्या शहरात बोलण्यासाठी १४४ मेगाहर्ट्झचा अँटेना वापरला तर त्याची नळी जेमतेम एक मीटरची. हा लहान अँटेना एक माणूस हातात धरून वर नेऊ शकतो. हे विश्लेषण आहे ते पहिल्या प्रकारच्या, घराच्या खोलीत न मावणाऱ्या अँटेनाबद्दल.

हा छंद निरुपयोगी नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हॅमांचे पथक पोर्ट ब्लेअरला अँटेना उभारून जगभरच्या हॅमांशी बोलत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, अंदमानचे इतर संपर्क तुटले आणि छंदासाठी उभारलेले तेच केंद्र मुख्य भूमीशी बोलण्याचे साधन ठरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाइल जाळ्यांचे काय झाले हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. तेव्हा गच्चीवर अँटेना नकोच, ही भूमिका सोपी असली तरी शहाणपणाची नाही. प्रश्न तो वर कसा न्यायचा आणि खाली कसा आणायचा, इतकाच आहे.

घाटकोपरच्या दुर्घटनेतून काय कळले?

१३ मे २०२४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० फूट लांब आणि १२० फूट उंच जाहिरातफलक कोसळला. १७ जणांचा जीव गेला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार फलकाचा पाया ताशी ४९ किलोमीटरचा वारा सोसण्याइतकाच होता, त्या दिवशीचा वारा ताशी ८७ किलोमीटर होता आणि अपेक्षित क्षमता ताशी १५८ किलोमीटरची होती.

हा १५८ चा आकडा आला कुठून? वाऱ्याच्या भाराचे मानक आहे आयएस ८७५, भाग ३. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. तोच ताशी १५८ किलोमीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर जेमतेम सहा किलोंचा रेटा बसतो. ताशी ८७ किलोमीटरला तो ३५ किलोंच्या पुढे जातो आणि १५८ ला सुमारे ११८ किलोंवर.

नळ्यांच्या अँटेनाचे क्षेत्रफळ फलकापुढे काहीच नाही. अर्धा चौरस मीटर धरला तरी पुष्कळ. पण हे अर्ध्या चौरस मीटरवरचे साठेक किलो १२ मीटरच्या खांबाच्या टोकाला बसतात आणि बुडाशी तरफेसारखे काम करतात. शिवाय खांब स्वतः वारा अडवतो, तो भार वेगळा. एक फरक मात्र हॅमांच्या बाजूचा आहे. तो फलक वादळाचा इशारा आला म्हणून उतरवता येण्याजोगा नव्हता. अँटेना तसा बनवता येतो. तो तसा बनवलेला नसेल, तर गच्चीवर एक छोटा जाहिरातफलकच उभा आहे असे समजायला हरकत नाही.

खांब उचलताना नेमके काय घडते?

उपनगरातल्या गच्चीवर क्रेन येत नाही. तिथे वापरली जाणारी पद्धत साधी आहे. खांबाचे बूड बिजागरीत अडकवायचे, खांब गच्चीवर आडवा ठेवायचा, अँटेना छातीच्या उंचीवर उभे राहून निवांत जोडायचा आणि मग दोराने ओढून खांब उभा करायचा. पण आडव्या खांबाला थेट बुडाकडून ओढले तर तो उचलला जात नाही, नुसता बिजागरीत रेटला जातो. म्हणून बुडाशी एक आखूड खांब सरळ उभा करतात. त्याला जिन पोल म्हणतात. त्याच्या डोक्यावरच्या कप्पीतून दोर नेला की ओढीला वरची दिशा मिळते.

आता हिशेब पाहू. १२ मीटरचा खांब ४० किलोंचा आणि टोकाला अँटेना व मोटर मिळून २० किलो. एकूण ६० किलो. चार माणसे सहज उचलतील असे वाटते. दोर खांबाला बुडापासून आठ मीटरवर बांधला आणि जिन पोल चार मीटरचा असला, तर खांब जमिनीवरून सुटण्याच्या क्षणी दोरावर सुमारे १३५ किलोंचा ओढा येतो. जिन पोल चारऐवजी दोन मीटरचा घेतला तर हाच ओढा २५० किलोंच्या घरात जातो. वस्तू तीच, वजन तेच. बिजागरीलाही जवळजवळ तितकाच आडवा रेटा बसतो. गच्चीवर नुसत्या विटा लावून टेकवलेले बूड इथेच सरकते.

खांब उठत जातो तसा ओढा कमी होतो. ४५ अंशांवर तो ९० किलोंच्या आसपास येतो, पुढे आणखी उतरतो. म्हणजे उभारताना सगळ्यात जड क्षण पहिला असतो. माणसे ताजीतवानी असतात, खांब जमिनीपासून वीतभरच वर असतो, आणि काही चुकलेच तर तो वीतभरच पडतो. निसर्गाने दिलेली ही चाचणीच आहे. जाणते हॅम खांब फूटभर उचलून तिथेच थांबतात, प्रत्येक गाठ, कप्पी आणि बिजागरी फिरून पाहतात आणि मगच पुढे जातात.

शेवटच्या टप्प्यात धोका दुसऱ्या बाजूने येतो. खांब उभा होत आला की त्याला ओढायला जोर लागत नाही, पण पलीकडे झुकायलाही जोर लागत नाही. उत्साहाने आणखी एक हिसका दिला की तो उलट बाजूला जातो. म्हणून पाठीमागचा तणावा आधीच योग्य लांबीला बांधलेला हवा आणि बाजूचे दोन तणावे सुरुवातीपासून माणसांच्या हातात हवेत.

मग उतरवताना काय वेगळे?

सगळे उलट होते, आणि हेच लक्षात येत नाही. उतरवताना पहिला क्षण सर्वांत हलका असतो. तणावा सोडला, खांब थोडा कलला, दोर हातात सहज राहतो. मंडळी निर्धास्त होतात, दोन जण फोटो काढायला बाजूला होतात. खांब जसजसा खाली येतो तसतसा ओढा वाढत जातो. ९० किलो, मग ११०, मग १३५. हात दमलेले असतात, घामाने ओले असतात आणि दोर सरकू लागतो. शेवटच्या दोन-तीन मीटरांत ‘आला, आला’ म्हणत कोणी दोर सोडून खांब झेलायला धावतो. नेमका तेव्हाच उरलेल्या हातांवर सर्वांत जास्त भार असतो.

यावर उपाय जुना आहे. वर्सोव्याच्या धक्क्यावर होडी बांधणारा कोळी दोर नुसता हातात धरून ठेवत नाही, खुंटाला वेढे देतो. घर्षण बरे असेल तर दोन पूर्ण वेढ्यांनंतर शंभर किलोंचा ओढा हातात पाच-सात किलोंवर येतो. गच्चीवर पक्क्या रोवलेल्या नळीला असे दोन-तीन वेढे दिले की एक माणूस खांब इंचाइंचाने खाली सोडू शकतो. ब्रेक असलेला हाताचा विंच असेल तर उत्तमच. ब्रेक नसलेला विंच मात्र हातांपेक्षा वाईट, कारण हँडल उलटे फिरू लागले की ते मनगट मोडते. दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला गुंडाळणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

उतरवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासायची ती बिजागरीचा बोल्ट. वर्षभर खाऱ्या हवेत राहिलेला बोल्ट गंजून जाम होतो. मग खांब कलत नाही, कोणीतरी हातोडा मारतो, आणि अडकलेला खांब एकदम सुटतो. अंधेरी-वर्सोव्याकडे समुद्र जवळ असल्याने हे अधिक घडते. ॲल्युमिनियमची नळी आणि लोखंडी क्लॅम्प जिथे एकमेकांना चिकटतात तिथे गंज आणखी वेगाने लागतो. वर्षातून एकदा खांब उतरवण्याचा खरा फायदा हाच: या जागा हाताखाली येतात.

गच्ची किती मोठी हवी?

खांब सुटला तर जिथवर पोहोचेल ते सगळे वर्तुळ धोक्याचे. मोकळ्या शेतात हे वर्तुळ शेतातच राहते. १२ मीटर रुंद आणि १८ मीटर लांब गच्चीच्या मधोमध १२ मीटरचा खांब उभा केला तर तो कोणत्याही दिशेला आडवा होताना कठड्याबाहेर जातो. खाली रस्ता, रिक्षा, भाजीवाला, शेजारची इमारत. त्यामुळे खांब कुठे उभा करायचा हे ‘सिग्नल कुठे चांगला मिळतो’ यावरून ठरवण्याआधी तो कुठे झोपवायचा यावरून ठरवावे लागते. बिजागरी गच्चीच्या एका टोकाला आणि खांब लांब बाजूने किंवा कर्णावर झोपेल अशी बसवली, तर तो पूर्णपणे कठड्याच्या आत राहतो. लांब नळ्यांचे यागी असतील तर त्यांची रुंदीही धरायला हवी. पाण्याची टाकी, सौर हीटर, केबलच्या तारा, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या या सगळ्यांचा नकाशा कागदावर काढला तर निम्मे प्रश्न घरी बसूनच सुटतात. गच्ची पुरत नसेल तर खांब आखूड करायचा. आठ मीटरच्या खांबावरूनही जगाशी बोलता येते. चार मजली इमारतीने उरलेली उंची आधीच दिलेली असते.

तणावे बांधायचे कशाला?

तणावे किमान तीन दिशांना, एकमेकांपासून १२० अंशांवर. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. गडबड होते ती दुसऱ्या टोकाला. गच्चीवर जे दिसेल त्याला तार बांधली जाते: कठड्याला, पाण्याच्या पाइपला, टीव्हीच्या जुन्या छत्रीला, लिफ्टच्या मशीन रूमच्या भिंतीला. कठडा बहुतेकदा विटांचा असतो. माणूस टेकून उभा राहील एवढ्यासाठी तो बांधलेला असतो, बाहेरून आत शंभर किलोंनी ओढला जाईल यासाठी नव्हे. तणावा जायला हवा तो इमारतीच्या सांगाड्यात, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम किंवा बीममध्ये बसवलेल्या नांगराला. हा नांगर कुठे ठोकायचा हे संरचना अभियंत्याने दाखवावे. स्लॅबला मनमानी छिद्रे पाडली तर वॉटरप्रूफिंग फुटते, पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर ओल येते आणि अँटेनाविरुद्ध सोसायटीत कायमची आघाडी उभी राहते. उपनगरांत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागतेच. त्याच वेळी अभियंत्याला गच्चीवरचा खांबही दाखवला तर वेगळा खर्चही फारसा पडत नाही.

दोराबद्दल दोन शब्द. उन्हात वर्षभर पडलेला स्वस्त प्लास्टिकचा दोर वरून धड दिसतो आणि आतून भुगा झालेला असतो. उचलण्याचा दोर वेगळा, घरात ठेवलेला असावा आणि त्याची तुटण्याची क्षमता प्रत्यक्ष ओढ्याच्या किमान पाचपट असावी, कारण गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते. पोलादी तारेला क्लिप लावताना तिचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या तारेवर आणि वाकलेला यू-बोल्ट मोकळ्या टोकावर यायला हवा. उलटे लावले तर यू-बोल्ट भार घेणारी तारच चेंगरतो. हार्डवेअरच्या दुकानात हे कोणी सांगत नाही.

विजेची तार किती दूर हवी?

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील पाम बे येथे एक कुटुंब घराजवळ सुमारे ५० फुटांचा हॅम अँटेना उभारत होते. तो वरून जाणाऱ्या वीजवाहिनीला लागला आणि आई, वडील, मुलगा असे तिघेही गेले. खांब धरलेले सगळे हात एकाच धातूला चिकटलेले असतात, म्हणून अशा अपघातात एक माणूस जात नाही.

मुंबईच्या उपनगरांत घरगुती वीज बरीचशी जमिनीखालून येते, त्यामुळे हा धोका नाही असे अनेकांना वाटते. पण पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मार्गांवर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड तार आहे आणि रुळांना लागून असलेल्या इमारती अंधेरीपासून मुलुंडपर्यंत शेकड्यांनी. काही भागांत उच्चदाब वाहिन्यांचे मनोरेही वस्तीला खेटून आहेत. एवढ्या दाबाला प्रत्यक्ष स्पर्शाची गरज नसते. धातू पुरेसा जवळ आला की वीज हवेतून उडी मारते. जगभरचे हॅम एक साधा नियम पाळतात. खांब आणि अँटेना मिळून जी उंची होईल, त्यापेक्षा किमान तीन मीटर अधिक अंतर कोणत्याही वीजतारेपासून ठेवायचे, म्हणजे खांब पडला तरी तारेला पोहोचणार नाही. हे अंतर मिळत नसेल तर त्या जागी खांब नको. ‘आपण सांभाळून करू’ हे त्यावरचे उत्तर नाही.

व्यावसायिक लोकही चुकतात का?

चुकतात, आणि त्यातले एक प्रकरण अभियांत्रिकीच्या वर्गात आजही शिकवले जाते. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासमधील मिझुरी सिटी येथे सुमारे १,८०० फुटांच्या मनोऱ्यावर सहा टनांचा एफएम अँटेना चढवला जात होता. अँटेनाला उचलण्यासाठी कड्या दिलेल्या होत्या. पण बाजूला बसवलेल्या मायक्रोवेव्ह उपकरणांच्या सांगाड्यामुळे उचलताना दोर आड येत होता. तो सांगाडा काढायची परवानगी मिळाली नाही. म्हणून उभारणी करणाऱ्यांनी कडी पुढे सरकवणारा एक जोडतुकडा स्वतःच बनवून बोल्टने बसवला. बोल्ट किती वजन पेलतील हे पाहिले गेले. कडी बाजूला सरकल्यामुळे त्यांच्यावर तरफेचा जो कितीतरी पट भार येणार होता, तो धरला गेला नाही. वरच्या टोकाजवळ बोल्ट तुटले. अँटेना पडताना मनोऱ्याचा तणावा कापत गेला आणि अख्खा मनोरा खाली आला. पाच जण मरण पावले.

गच्चीवरचे प्रमाण शंभरपट लहान आहे, पण जुगाड तोच असतो. कप्पी जरा पुढे हवी म्हणून पाइपचा तुकडा वेल्ड करायचा, कडी नाही म्हणून यू-क्लॅम्पमधूनच दोर ओवायचा. वजनाचा अंदाज आपल्याला असतो, तरफेचा नसतो. ऐनवेळी पद्धत बदलावी लागली तर त्या दिवशी काम बंद करून हिशेब पुन्हा करणे, एवढाच मार्ग आहे.

माणसे किती, हुकूम कोणाचा?

सोसायटीत खांब उभा करायचा म्हटला की दहीहंडीला जमतात तशी मुले जमतात. ही गर्दी मदतीपेक्षा अडचण जास्त. १२ मीटरच्या खांबाला पाच-सहा माणसे पुरतात: एक वेढ्याच्या दोरावर, दोन बाजूच्या तणाव्यांवर, एक पाठीमागच्या तणाव्यावर, एक बुडाशी आणि एक जण कशालाही हात न लावता लांब उभा राहून सगळे पाहणारा. हुकूम या शेवटच्या माणसाचा. ‘खेच’, ‘ढील दे’, ‘थांब’ हे शब्द आधी ठरवून घ्यावेत. मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांत एकाच वेळी आरडाओरडा झाला की ‘सोड’ आणि ‘थोडं’ यांतला फरक ऐकू येत नाही. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो आणि तो शब्द ऐकला की सगळ्यांनी थांबायचे. लांब नळ्या तणाव्यांत अडकू नयेत म्हणून अँटेनाच्या दोन टोकांना हलके दोर बांधून तो खालून वळवत ठेवतात.

बिजागरीच्या खांबाचे मोठे सुख म्हणजे कोणालाच वर चढावे लागत नाही. जाळीदार लोखंडी मनोरा असेल तर चढणे आलेच. तिथे कमरेचा पट्टा पुरत नाही. आयएस ३५२१ मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोर हवेत, म्हणजे एक काढण्याआधी दुसरा अडकवलेला असतो. खांब किंवा मनोऱ्याचा भाग दोरावर लटकत असताना वर माणूस नको. आणि केबलवाल्या किंवा रंगकाम करणाऱ्या मुलाला थोडे पैसे देऊन ‘जरा वर जाऊन नट सोड’ सांगणे हा प्रकार सरळ थांबायला हवा. छंद एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, त्यातही हार्नेसशिवाय, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. खाली, इमारतीच्या त्या बाजूला, पायवाट अडवून एक माणूस उभा करायला विसरू नये. वरून पडलेला साधा पानाही डोके फोडतो.

उतरवायचा कधी?

ढग दिसल्यावर नव्हे. हवामान खात्याचा तात्कालिक इशारा, म्हणजे नाऊकास्ट, पुढच्या तीनेक तासांचा असतो. माणसे गोळा करण्यातच त्यातले दोन जातात आणि खांब अर्धा कललेला असताना वारा सुटतो. असा अर्धवट खांब उभ्या खांबापेक्षा कमकुवत, कारण त्याचे निम्मे तणावे सुटलेले असतात. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाताना मुंबईत वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले, पण त्या वादळाची सूचना काही दिवस आधी होती. १३ मे २०२४ च्या वादळासारखी वादळे इतका वेळ देत नाहीत. तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात मोठा यागी उतरवून ठेवणे आणि पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या गडगडाटी सरी संपल्यावर, पुन्हा चढवणे हेच मुंबईला सोयीचे. मधल्या काळात तारेचा साधा डायपोल पुरतो. वारा त्याला फारसे धरत नाही. दिवसातली वेळही महत्त्वाची. मुंबईत खारा वारा दुपारी जोर धरतो, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करून दहा-अकरापर्यंत संपवलेले बरे. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर आहेच. आसपास वीज दाखवत असेल तर गच्चीवर धातूचा खांब धरून उभे राहणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

परवाना असला की पुरे का?

हॅम परवाना केंद्र सरकारचे दूरसंचार खाते देते. त्याने कोणत्या लहरींवर, किती शक्तीने बोलायचे ते ठरते. तेवढ्याने गच्ची आपली होत नाही. गच्ची सामाईक असते आणि सोसायटीची लेखी संमती घ्यावीच लागते. अंधेरी, जुहू, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांत तिसरा पक्ष येतो तो विमानतळ. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने घाटकोपरवरूनच जातात. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या उंचीवर मर्यादा आहे. ती समुद्रसपाटीपासून मोजतात आणि विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात पाहता येते. इमारतीला मिळालेल्या ना-हरकत पत्रात मंजूर उंचीच्या वर टाकी, जिना, वीजरोधक, रेडिओ-टीव्हीचा अँटेना यांतले काहीही जाता कामा नये, असे स्पष्ट लिहिलेले असते. बिल्डरने मंजूर उंची अगदी काठोकाठ वापरली असेल तर गच्चीवर एक मीटरचा खांबही नियमबाह्य ठरतो. बोरिवली आणि मुलुंड तुलनेने लांब असल्याने तिथे वाव अधिक.

सोसायटीच्या सचिवांना लहरींतले काही कळण्याची गरज नाही. अर्ज आला तर त्यांनी परवान्याची प्रत, अभियंत्याने दाखवलेल्या नांगरांच्या जागा, इमारतीच्या ना-हरकत पत्रातील उंची आणि एक रेखाटन मागावे: खांब कोणत्या दिशेने, किती जागेत, कोणत्या दोराने खाली येणार. पहिली तीन कागदपत्रे बहुतेक हॅमांकडे निघतात. चौथे मागितल्यावर जो अर्जदार गोंधळतो, त्याला खांब आणायच्या आधी पुन्हा गच्चीवर फीत घेऊन पाठवावे. आणि उभारणीनंतर आठवड्याभरात, माणसे आणि दोर हाताशी असतानाच, तो खांब एकदा पूर्ण खाली आणून परत उभा करून दाखवावा, अशी अट संमतीपत्रात घालायला सोसायटीला कोणाचीही परवानगी लागत नाही.